जरा सरकून घ्या

एप्रिल २०१९. सकाळची सातची पाळी गाठायला मी नेपरव्हिलहून ऑरोराकडे निघाले होते, इंटरस्टेट ८८ने. तिथल्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत मी काम करते, त्यामुळे हा रस्ता रोजचाच. उजव्या लेनमध्ये होते, वेगमर्यादेच्या आत. पुढं कडेला पोलिसांची गाडी थांबलेली दिसली. तिच्यापुढं एक पांढरी मोटार, लाल-निळे दिवे फिरताहेत, पोलीस मोटारीच्या खिडकीशी वाकलेला. कुणाला तरी पकडलंय, एवढंच मनात आलं आणि मी तशीच शेजारून निघून गेले. माझ्या डावीकडची लेन रिकामी होती, पण तिकडं जायचं काही कारण आहे हे डोक्यातच नव्हतं.

मैलभर गेले असेन, तेवढ्यात मागं दुसरी पोलीस गाडी लागली. थांबले. पोलीस माझ्या खिडकीशी आलाच नाही. उजव्या बाजूनं, गवतातून चालत आला आणि पलीकडच्या काचेवर टकटक केली. पंचविशीचा मुलगा असेल. छातीवरच्या ताऱ्यावर त्यानं आडवी काळी पट्टी लावली होती.

"तुमच्या डावीकडं गाडी नव्हती. तुम्ही सरकला का नाहीत?"

मी म्हटलं, मी तर कुणालाच धक्का लावलेला नाही, वेगही मर्यादेत होता.

"तिथं माझा जोडीदार उभा होता," एवढंच तो म्हणाला आणि पावती लिहायला लागला.

काळ्या पट्टीचं कारण मला घरी आल्यावर कळलं. त्या वर्षी १२ जानेवारीला शिकागोच्या उत्तरेला नॉर्थब्रूकजवळ ख्रिस्तोफर लॅम्बर्ट हा राज्य पोलीस ड्यूटी संपवून घरी निघाला होता. वाटेत अपघात दिसला म्हणून मदतीला थांबला, गाडीतून उतरला आणि मागून आलेल्या मोटारीनं त्याला उडवलं. २८ मार्चला फ्रीपोर्टजवळ ब्रुक जोन्स-स्टोरी एक ट्रक थांबवून त्याची तपासणी करत होती. दुसरा ट्रक येऊन आदळला. दोघंही चौतीस वर्षांचे. माझी पावती फाटली तेव्हा तिला जाऊन जेमतेम महिना झाला होता.

या पावतीचे पैसे घरबसल्या भरून सुटता येत नाही. व्हीटनच्या कोर्टात उभं राहावं लागलं. तिथं न्यायाधीशांसमोर सांगितलं ते खरंच होतं: असा काही कायदा आहे हे मला माहीत नव्हतं. मी इथला परवाना काढला २००१च्या शरदात आणि कायदा लागू झाला १ जानेवारी २००२ला. परीक्षेच्या ज्या पुस्तिकेवरून मी घोकंपट्टी केली तिच्यात तो नव्हताच. पुढं परवान्याचं नूतनीकरण टपालानं होत गेलं. सतरा वर्षं मी इथले रस्ते तुडवले, मागून सायरन आला की इमानदारीनं कडेला थांबले, पण थांबलेल्या गाडीसाठी चालत्या गाडीनं बाजूला व्हायचं असतं, ही गोष्ट माझ्या मनाला शिवली नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळात विचारलं तर दहातल्या सहा-सात जणांची तीच गत. अमेरिकनांचीही काही वेगळी नव्हती. २००६ साली देशभर एक पाहणी झाली, तिच्यात ७१ टक्के लोकांनी या कायद्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

इंग्रजीत या कायद्यांना 'मूव्ह ओव्हर' म्हणतात. आपल्या एस.टी.त तिघांच्या बाकावर चौथा आला की आपण जे म्हणतो तेच: जरा सरकून घ्या.

त्याचा उगम साउथ कॅरोलिनातला. १९९४च्या जानेवारीत जेम्स गार्सिया नावाचा तिथला एक अँब्युलन्सवरचा कर्मचारी अपघातस्थळी काम करत असताना त्याला वाहनाची धडक बसली. तो वाचला, पण पोलिसांच्या अहवालात चूक त्याचीच धरली गेली: रस्त्यात उभा होता ना. मदतीसाठी उभ्या असलेल्या माणसाला कायद्याचं काहीच संरक्षण नाही, हे त्याला असं अंगावर बेतून कळलं. तो अशा कायद्याच्या मागं लागला आणि १९९६ साली साउथ कॅरोलिनानं देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा केला. मग एकेक राज्य करत गेलं. पन्नास राज्यांतलं शेवटचं हवाई, २०१२ साली.

इलिनॉयमधल्या कायद्याला 'स्कॉट्स लॉ' म्हणतात. स्कॉट गिलन हा शिकागोच्या अग्निशमन दलातला लेफ्टनंट. २३ डिसेंबर २०००ला डॅन रायन एक्स्प्रेसवेवर अपघात झाला होता, तिथं त्याचा बंब मदतीला गेला होता. दारू प्यायलेल्या एका चालकानं त्याला चिरडलं. न्यूयॉर्कचा कायदा 'अँब्रोज-सर्ल्स' या दोन आडनावांनी ओळखला जातो. रॉबर्ट अँब्रोज राज्य पोलीस होता, तो २००२मध्ये गेला. ग्लेन सर्ल्स शेरीफच्या कचेरीतला, तो २००३मध्ये. दोघंही रस्त्याकडेला कामावर असताना. कायद्याला गेलेल्या माणसाचं नाव द्यायची ही रीत मला सुरुवातीला विचित्र वाटायची. आता वाटत नाही. कलमाचा आकडा मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. स्कॉट हे नाव विसरले नाही.

कायद्याचा गाभा साधा आहे. पुढं कडेला दिवे लुकलुकणारी गाडी थांबलेली दिसली की आरशात बघा, इंडिकेटर द्या आणि तिच्या लगतची लेन सोडून पलीकडच्या लेनमध्ये जा. जाता येत नसेल, शेजारी ट्रक चालला असेल किंवा आपल्या दिशेला एकच लेन असेल, तर वेग कमी करा आणि जपून पुढं जा. एवढंच. किती कमी, यावर राज्याराज्यांत फरक आहे. फ्लोरिडा, टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियात वेगमर्यादेपेक्षा २० मैलांनी, म्हणजे आपल्या हिशेबात ताशी सुमारे ३२ किलोमीटरनं खाली यायचं. इलिनॉयमध्ये आकडा नाही, परिस्थितीला साजेल इतका कमी. कुणासाठी सरकायचं हेही सगळीकडं सारखं नाही. सुरुवातीला पोलीस, बंब, अँब्युलन्स. मग टो ट्रक आले, रस्तादुरुस्तीच्या गाड्या आल्या. इलिनॉयनं २०१७मध्ये चारी इंडिकेटर लावून थांबलेली कुठलीही गाडी त्यात घेतली. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडा २०२४मध्ये तिथवर पोचले. माझ्या मते पहिल्या दिवसापासून तसंच हवं होतं. पंक्चर झालेल्या चाकाशी बसलेल्या बाईची हाडं पोलिसाच्या हाडांहून काही कणखर नसतात.

दंड इथं जबर आहे. माझ्या वेळी किमान १०० डॉलर होता. ते २०१९ साल इतकं वाईट गेलं, कडेला थांबलेल्या राज्य पोलिसांच्या दोन डझनांहून जास्त गाड्यांना त्या एका वर्षात धडका बसल्या, की उन्हाळ्यात तो २५० केला गेला. कमाल १० हजार. कुणी जखमी झालं तर परवाना सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत निलंबित.

आता मी जे सगळ्यात महत्त्वाचं मानते ते सांगते, कारण ते पुस्तिकेत नाही.

इथल्या महामार्गाची एक लेन १२ फुटांची असते. कडेला गाडी उभी करायची जी पट्टी, शोल्डर, ती उजवीकडं साधारण १० फूट. मोठ्या ट्रकची रुंदी साडेआठ फूट. हिशेब करा. बंद पडलेली मोटार सहा फुटांची. ती अगदी कठड्याला चिकटून उभी केली तरी तिच्या डाव्या अंगाला शोल्डरचे चारच फूट उरतात. त्यातले दोन चाकापाशी उकिडवा बसलेला माणूस घेणार. राहिले दोन. ट्रक आपल्या लेनच्या अगदी मधोमध चालला असेल तर त्याच्या बाजूला पावणेदोन फूट. म्हणजे माणसाची पाठ आणि ट्रक यांच्यामध्ये एकूण पावणेचार फूट. ट्रकचा बाहेर आलेला आरसा धरला तर तेवढेही नाहीत. तोच ट्रक एक लेन पलीकडं गेला की हेच अंतर पावणेसोळा फूट होतं.

आणि वेग. ताशी ६५ मैल म्हणजे सेकंदाला ९५ फूट. चालकानं दोन सेकंद मोबाइलकडं बघितलं तर तेवढ्यात गाडी १९० फूट पुढं गेलेली असते, क्रिकेटच्या जवळजवळ तीन खेळपट्ट्या, आणि ते आंधळेपणानं. इतक्या लांबीत गाडी चार फूट इकडं भरकटायला स्टिअरिंगला बोटभर वळण पुरतं. ही भरकट गिळायला मध्ये काहीतरी हवं. काँक्रीटची भिंत प्रत्येक पंक्चरपाशी आणून ठेवता येत नाही. रिकामी लेन ठेवता येते.

हे गणित मी कागदावर मांडलं होतं, पण अंगात भिनलं ते २०२२च्या ऑक्टोबरमध्ये.

अण्णा, माझे वडील, कऱ्हाडहून पहिल्यांदाच इकडं आले. वय ऐंशी. एकतीस वर्षं एस.टी.त चालक होते, सगळी नोकरी कऱ्हाड डेपोत. दसरा होऊन आठवडा झाला होता. ओहेअर विमानतळावरून त्यांना घेऊन मी इंटरस्टेट २९४ला लागले आणि चार-पाच मैलांत डावं मागचं चाक बसलं. शोल्डरवर घेतली गाडी, चारी इंडिकेटर लावले. मी फोन शोधतेय तोवर अण्णांनी आपल्या बाजूचं दार उघडलं आणि उतरून मागच्या दिशेनं चालायला लागले.

"अण्णा, कुठं निघालात?"

"दगूड न्हाईतर फांदी बघतो की. मागच्याला कळाय नको?"

महाराष्ट्रात ज्यानं रात्रीचा प्रवास केला आहे त्याला हे सांगायला नको. गाडी बंद पडली की कंडक्टर आणि दोन प्रवासी उतरणार, बाभळीची नाही तर करंजाची फांदी तोडून मागं तीस-चाळीस पावलांवर टाकणार, तिच्या अलीकडं ओळीनं दगड मांडणार. खंबाटकीच्या घाटात लहानपणी मी स्वतः हे दगड वाहिलेत. २९४वर मात्र डांबर, काँक्रीट आणि कापलेलं गवत. फांदी नाही, दगड नाही. मी त्यांना हाताला धरून लोखंडी कठड्याच्या पलीकडं नेलं. तिथंच उभं राहायचं असतं, गाडीत बसायचं नाही आणि गाडीच्या मागंपुढं तर अजिबात नाही. मग *९९९ फिरवला. टोलवेची मदत गाडी याच नंबरवर बोलावतात.

ती वीस मिनिटांनी आली. तोवर आम्ही कठड्यामागं उभे होतो आणि माझी गाडी हलत होती. इंजिन बंद, आत कुणी नाही, आणि प्रत्येक ट्रक गेला की ती स्प्रिंगवर झुलल्यासारखी डुलायची. वाऱ्याचा एक फटका ट्रकच्या तोंडाबरोबर यायचा, तो बाहेर ढकलायचा. दुसरा शेपटाबरोबर यायचा, तो आत ओढायचा. अण्णांचा मफलर दोन्ही वेळा वेगवेगळ्या दिशेला उडायचा. आयुष्य स्टिअरिंगमागं गेलेला माणूस, पण आतल्या वेगाची बाहेरून अशी ओळख त्यांनाही नवी असावी. ते काही बोलत नव्हते.

मदत गाडीवाल्यानं आपली गाडी आमच्या गाडीच्या मागं, थोडं अंतर ठेवून उभी केली, टपावरचे पिवळे दिवे चालू केले, नारिंगी शंकू मांडले. जॅक लावला आणि डाव्या चाकाशी बसला. पाठ रस्त्याकडं. दुसरा इलाजच नाही. नट पान्यानं ढिले करताना कोपर मागं जायचं, आणि प्रत्येक वेळी ते जिथवर जायचं तिथून पांढरी रेघ किती जवळ आहे हे मला दिसत होतं.

तेव्हा अण्णा मोजायला लागले.

"ह्यो सरकला. ह्यो बी सरकला. ह्यो न्हाय. ह्यो सरकला."

त्यांच्या लक्षात आलं होतं की उजव्या लेनमधल्या बऱ्याच गाड्या लांबूनच इंडिकेटर देऊन पलीकडं जातायत. मोठे ट्रकसुद्धा. "ह्यास्नी कोण सांगतंय? सायरन तर न्हाई." मी सांगितलं, कायदा आहे. माझी पावती, कोर्ट, काळी पट्टी, सगळं तिथंच कठड्यामागं थंडीत उभं राहून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेस्त्री गेले तवा असं काय नव्हतं."

मेस्त्री आमच्याच गल्लीत राहायचे. डेपोत मेकॅनिक. १९८४ सालच्या पावसाळ्यात काशीळजवळ अण्णांची गाडी बंद पडली, डेपोची ब्रेकडाऊन व्हॅन आली, मेस्त्री गाडीखाली शिरले. पाय बाहेर होते. फांदी टाकलेली होती, दगड मांडलेले होते, अण्णा पलीकडून बॅटरी धरून बसले होते. मागून आलेला ट्रक फांदीवरून, दगडांवरून तसाच आला. एस.टी.ला तो घासलासुद्धा नाही. मी तेव्हा नववीत होते. अण्णा पहाटे घरी आले ते न बोलता न्हाणीत जाऊन बसले, एवढं मला आठवतं. ती बॅटरी त्यांच्या हातात होती हे मात्र मला त्या कठड्यामागं, अडतीस वर्षांनी कळलं.

मग ते वांद्रे-वरळी सागरी सेतूचं बोलले. इकडं यायच्या आठवडाभर आधी, दसऱ्याच्या पहाटे, पुलावर एका गाडीचा अपघात झाला होता. तिच्यातल्या माणसांना काढायला अँब्युलन्स आली, पुलावरचे कर्मचारी आले, आणखी गाड्या थांबल्या. मागून आलेली एक भरधाव मोटार त्या सगळ्यांत घुसली. पाच जण गेले, त्यांत मदतीला आलेले होते. अण्णांनी पेपरात वाचलं होतं. "मदतीला गेलेला मरतो. लई वंगाळ," ते म्हणाले.

आपल्याकडं २०१९पासून मोटार वाहन कायद्यात १९४-ई हे कलम आहे. अँब्युलन्सला किंवा बंबाला वाट दिली नाही तर १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चांगलं कलम आहे. पण ते मागून धावत येणाऱ्या गाडीसाठी आहे. ती अँब्युलन्स जिथं पोचायची तिथं पोचली, दार उघडलं, स्ट्रेचर उतरलं, की ते कलम संपतं. आणि खरा धोका तिथून सुरू होतो. सागरी सेतूवर अँब्युलन्स थांबलेली होती. २०१६च्या जूनमध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ पंक्चर झालेली मोटार थांबलेली होती, आणि तिला मदत करायला दुसरी. मागून बस आली आणि १७ माणसं गेली. धावत्या मदतीला वाट द्यायची हे आपण मान्य केलंय. थांबलेल्या मदतीला जागा द्यायची हेही लिहून ठेवायला हवं, आणि लिहिण्याआधी पाट्या लावून, आकाशवाणीवरून, एस.टी.च्या चालकांच्या प्रशिक्षणात, आर.टी.ओ.च्या परीक्षेत सांगायला हवं. नुसत्या दंडानं होत नाही हे मला माझ्यावरून माहीत आहे. दंड होण्याआधी सतरा वर्षं मी चुकतच होते.

चाक बसवून झाल्यावर त्या माणसानं आपले शंकू एकेक करून उचलले, शेवटचा उचलताना रस्त्याकडं तोंड ठेवून मागं मागं चालत आला. अण्णांनी मान हलवली. गाडी सुरू झाली की आपले दगड आपणच उचलून बांधावर टाकायचे, हा त्यांचा नेम होता. उचलायला विसरलेल्या दगडांवर रात्री मोटारसायकलवाले आपटतात म्हणून ते कंडक्टरला तसं सोडू देत नसत.

त्याच डिसेंबरात आम्ही बहिणीकडं अटलांटाला गाडीनं गेलो. वाटेत टेनेसीतलं चॅटनूगा लागतं. अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेजवाल्यानं १९१६ साली इथं पहिला टो ट्रक बनवला, जुन्या मोटारीवर कप्पी आणि साखळ्या चढवून. आता तिथं टो ट्रकचं संग्रहालय आहे. अण्णांना दाखवायचं म्हणून थांबलो. आतल्या जुन्या गाड्या त्यांनी प्रेमानं बघितल्या, गिअरचे दांडे, कप्प्या, पोलादी दोर. पण जास्त वेळ थांबले ते बाहेरच्या भिंतीपाशी. कामावर असताना गेलेल्या टोइंगवाल्यांची नावं तिच्यावर आहेत. मी त्यांना एक आकडा वाचून दाखवला. 'ट्रिपल ए' या मोटारधारकांच्या संस्थेच्या संशोधन विभागानं २०१५ ते २०२१ या सात वर्षांचा शोध घेतला, तेव्हा रस्त्याकडेला मदत करताना वाहनाखाली गेलेले असे १२३ कामगार सापडले. सरकारी अपघात-नोंदीत या धंद्यातले म्हणून ओळखू येत होते ते त्याच्या जेमतेम पाव हिश्श्याइतके. बाकीचे नुसते 'पादचारी' म्हणून नोंदलेले. पोलीस गेला तर काळी पट्टी लागते. हा माणूस पादचारी म्हणून जातो. अण्णा बऱ्याच वेळानं म्हणाले, "आमच्या मेस्त्रींचं नाव कुठंच न्हाई." ते खरं आहे. म्हणून काशीळ हे नाव मी या लेखात लिहिलंय.

रविवारी सकाळी मी इथं नवीन आलेल्यांना गाडी शिकवते. कुणी पुण्याचं, कुणी नाशिकचं. नवऱ्याच्या नाही तर बायकोच्या नोकरीमागं आलेले, घरात अडकलेले, हाताशी वेळ आणि मनात भीती असलेले. समांतर पार्किंग त्यांना आपोआप जमतं. मला वेळ द्यावा लागतो तो कडेला बघायला शिकवण्यात. नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर खिळलेली असते, ती उचलून पाव मैल पुढं न्यायची. पिवळा, लाल, निळा, कसलाही दिवा लुकलुकला की मनात म्हणायचं: तिथं माणूस आहे. गाडी दिसली तरी माणूस धरून चालायचं, कारण तो वाकलेला असतो, दाराआड असतो, चाकाशी बसलेला असतो. मग आरसा, मग इंडिकेटर, मग मान वळवून बघणं, आणि मगच सरकणं. घाईनं सरकणारा शेजारच्या लेनमधल्या गाडीवर जातो, आणि एका अपघातापाशी दुसरा होतो. आणि सरकता येत नसेल तर वेग कमी करायचा. हे दुसरं वाक्य लोक विसरतात. त्यांना वाटतं जागा नव्हती, मी काय करणार. पाय उचलणं तरी हातात असतं.

गेल्या महिन्यात नाशिकची एक मुलगी होती गाडीवर, महामार्गावरची तिची दुसरीच फेरी. पुढं शोल्डरवर पिवळे दिवे. तिला माझ्याआधी दिसले. आरसा, इंडिकेटर, मान. पण डावीकडं एक लांबलचक ट्रक चालला होता, तो काही संपेना.

"काकू, जाता येत नाहीये."

"मग?"

तिनं पाय उचलला. साठ, पंचावन्न, पन्नास, पंचेचाळीस. मागच्यानं भोंगा वाजवला. तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. भोंगा पुन्हा, लांब. चाळीस. लेनच्या डाव्या रेघेशी तिनं गाडी जितकी नेता येईल तितकी नेली. टो ट्रक आला, त्याच्या पुढ्यात एक लाल मोटार, आणि तिच्या चाकाशी नारिंगी जाकीट घातलेला माणूस, एक गुडघा जमिनीवर. त्याच्या पाठीवरचे चंदेरी पट्टे एकदा आमच्या उजेडात चमकले. त्यानं मान वर केली नाही, नट आवळत राहिला.

"आता वाढवू का?" तिनं विचारलं.

"अजून थोडं. त्याचे शंकू संपू देत."